दादाचा अंगठा

माझ्या दादाच्या लग्नाच्या अल्बममध्ये बावन्न फोटो आहेत आणि त्यातल्या एकोणीस फोटोंत तो जांभई देतोय. वहिनीच्या माहेरच्यांनी तेव्हा याचा फार वाईट अर्थ घेतला होता. मुलाच्या मनात नाही, बळेच उभा केलाय, असं तिची मावशी मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली होती. खरं कारण एवढंच, की समारंभ रात्री नऊचा होता आणि दादा साडेआठला झोपणारा माणूस. वहिनीला हे कळायला आठ दिवस लागले. मावशीला अजूनही पटलेलं नाही.

दादा बेकरीवाला आहे. वडिलांचा उजवा हात अचानक निकामी झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशीच्या पावाचं पीठ मळून फुगायला ठेवलेलं होतं आणि ते काही कुणाच्या आजारपणासाठी थांबणार नव्हतं. दादा पहाटे चारला उठला, साडेचारला घरातून निघाला आणि सात वाजता पाव दुकानात मांडून मोकळा झाला. त्या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. या बत्तीस वर्षांत तो कुठल्याही नाटकाचा शेवट पाहू शकलेला नाही, पण गल्लीतल्या एकाही घराला कधी शिळ्या पावावर भागवावं लागलेलं नाही.

बेकरी आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर, रस्त्याच्या वळणावर आहे. पुढे दुकान, मागे लांबट खोली, खोलीच्या टोकाला भट्टी. भिंतीवर एक घड्याळ आहे, मैद्याच्या कंपनीने भेट दिलेलं. भट्टीच्या धगीने ते पहिल्याच उन्हाळ्यात सात वाजून दहा मिनिटांवर गचकलं. दादाने ते काढलं नाही, कारण त्याला घड्याळ लागतच नाही. भट्टीच्या दाराला तळहाताएवढी काच आहे, त्यातून तो बघतो, नाकाने हुंगतो आणि पाव बाहेर काढायच्या फळीच्या लांब दांड्याला हात घालतो. त्याचा एकच कायदा: पाव पूर्ण भाजला असं वाटायच्या जरा आधी काढायचा. बाहेर आल्यावरही तो आतल्या आत भाजत राहतो. भट्टीतच पूर्ण होऊ दिला तर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत कोरडा ठक्क. हे ‘जरा आधी’ त्याच्या हातात इतकं मुरलंय, की त्याबद्दल त्याला विचारही करावा लागत नाही. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

दादाची मुलगी चौदा वर्षांची आहे. जन्मली तेव्हा ट्रेमधून काढलेल्या बनासारखी गोल आणि गरम होती, म्हणून दादा तिला बनी म्हणायला लागला आणि मग सगळेच म्हणायला लागले. आता ती वेताच्या काठीसारखी उंच झाली आहे, पण नाव काही सुटलं नाही. मी तिची आत्या. दादाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते, बनीच्याच शाळेत भूमिती शिकवते आणि जेवायला मात्र खाली असते.

बनी दोन वर्षं संध्याकाळी पोहायला जात होती. तोवर कुणाची काही हरकत नव्हती. मग तिथल्या कोचबाईंनी तिला स्पर्धेच्या गटात यायला सांगितलं. आठवड्यातून सहा दिवस पहाटे पाचला तलावावर, महिन्यातून एक-दोन रविवार स्पर्धा आणि वर्षभर सुट्टी नाही. ‘महिनाभर पहाटे येऊन बघ, मग घरी विचारून फॉर्म भर,’ असं सांगून त्यांनी फॉर्म हातात दिला. तो फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली येऊन बसला आणि आमच्या घराची शांतता गेली.

“नाही,” दादा म्हणाला. संध्याकाळचे सात वाजले होते. आमच्याकडे कुठलाही वाद साडेआठच्या आत संपवावा लागतो.

“अहो, ऐकून तरी घ्या,” वहिनी म्हणाली.

“ऐकलं. पहाटे पाच, एवढं ऐकलं, ते पुरे. ही झाली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून ठरवलं होतं, माझी पोर सूर्य उगवायच्या आधी उठणार नाही. मी उठलो तेवढं सगळ्यांच्या वाटचं झालं.”

हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मीही विरोधातच होते, पण माझी कारणं कोरडी होती. शाळेतली मुलं पहाटेच्या सरावावरून येतात आणि माझ्या तासाला बाकावर माना टाकतात. शिवाय या क्लबांमध्ये मुलं पोहतात कमी आणि त्यांचे आईबाप काठावर बसून एकमेकांच्या मुलांचे आकडे मोजतात जास्त, असं माझं पक्कं मत होतं. ते मी मांडलं.

“आत्या, तू एकदाही आलेली नाहीस तिकडे,” बनी म्हणाली.

“मला न जाताच कळतं.”

“बरं, मला एक सांग,” दादाने बनीकडे वळून विचारलं, “तू पहिली येणार आहेस का?”

“नाही. आमच्या गटात तिघी माझ्यापेक्षा कितीतरी फास्ट आहेत. कोचबाई म्हणतात, राहतील.”

“मग एवढं ऊर फुटेस्तोवर कशाला?”

“तुमचा पाव कुठे पहिला आलाय, बाबा? तरी रोज करताच ना?”

मला पाणी पिताना ठसका लागला. वहिनी उगाचच आमटी ढवळायला उठली. दादाने पोरीकडे नीट पाहिलं. त्याला भूक, झोप आणि संताप तिन्ही एकदम आले होते. शेवटी त्याने त्याच्या मते अगदी न्यायाची वाट काढली. तो दुसऱ्या दिवशी कोचबाईंकडे गेला आणि विचारून आला, की हिच्या वयाच्या मुलीने शंभर मीटर किती वेळात पोहलं तर त्यात काही दम आहे असं म्हणायचं. त्या म्हणाल्या, एक मिनिट वीस सेकंद. झालं, अट ठरली. महिनाअखेरच्या चाचणीत एक वीसच्या आत आली तर सही. नाही आली तर संध्याकाळचं पोहणं चालू, पहाटेचं बंद, कटकट नाही.

“कबूल,” बनी म्हणाली. तिची तोवरची सर्वोत्तम वेळ एक बावीस होती. दादाने ते आधीच विचारून घेतलं होतं, लबाड कुठला.

महिनाभर वहिनी तिला स्कूटरवरून पोहोचवायची. दादा त्यांच्या आधी निघायचा आणि स्कूटर बेकरीवरून जाताना पाठ करून उभा राहायचा. मी मात्र बघत होते. बनी संध्याकाळी दोन ताटं जेवायची, नऊला झोपायची आणि तिच्या केसांना सतत तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास यायचा. माझ्या तासाला ती बाकावर मान कधी टाकते, याची मी वाट बघत होते. तिने ती टाकली नाही, याचा मला थोडा रागच आला.

चाचणीच्या रविवारी आम्ही तिघंही गेलो, बेकरी कारागिरावर सोडून. तिथे गेल्यावर कळलं, की प्रत्येक घरातून एकाने कामाला हातभार लावायचा असतो. तलावात सहा लेन, म्हणजे दोऱ्यांनी आखलेल्या सहा वाटा. प्रत्येक लेनपाशी एक जण हातातल्या घड्याळावर वेळ घेणार आणि एक जण कागदावर लिहिणार. चार नंबरच्या लेनचा माणूस आला नव्हता.

“तुम्ही भट्टी सांभाळता ना? मग वेळ सांभाळता येईलच,” म्हणत कोचबाईंनी दादाच्या गळ्यात घड्याळ अडकवलं. मला मास्तरीण म्हणून कागद दिला. शिट्टी वाजली की बटण दाबायचं, पोहणाऱ्याचा हात भिंतीला टेकला की पुन्हा दाबायचं. एवढंच काम.

दादाने ते किती मन लावून केलं म्हणून सांगू! तलावाच्या काठावर गुडघे टेकून, भट्टीच्या काचेतून बघतो तसा तो पाण्यात बघत होता. आमच्या लेनमध्ये सकाळभरात सात मुलं आली. हात टेकताच दादा आकडा सांगायचा, मी लिहायचे आणि मूल पाण्यातूनच ओरडायचं, कारण प्रत्येकाची वेळ आधीपेक्षा चांगली येत होती. एका मुलाने तर पाण्याबाहेर येऊन दादाच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. मीही खूश. काठावर बसून आकडे मोजण्यात इतकी मजा असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सातांतली सहावी पाळी बनीची. चिठ्ठ्यांमध्ये तिलाही आमचीच लेन निघाली होती. शिट्टी वाजली. पहिल्या दोन फेऱ्या ती सहांत चौथी होती, तिसऱ्या फेरीत पाचवी झाली. शेवटच्या फेरीत मात्र तिने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. हात भिंतीला टेकला. दादाने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि असा काही ओरडला की शिट्टी वाजवून कोचबाईंना त्याला गप्प करावं लागलं.

“एक एकोणीस सात! वन्सं, लिहा, लिहा!” वहिनी माझ्या मानेवरून वाकून ओरडत होती. मी लिहिलं. आपण या सगळ्याच्या विरोधात होतो, हे आम्हा दोघा भावंडांना त्या क्षणी आठवत नव्हतं. दादा ओल्या फरशीवर बुटांसकट नाचत होता.

घरी येऊन जेवलो. बनी मैत्रिणीकडे बातमी सांगायला पळाली. मला कागदांचा सोस, म्हणून मी निकालाच्या पूर्ण तक्त्याचा कागद मागून आणला होता. हात धुऊन तो वाचत बसले. प्रत्येकाची आधीची वेळ आणि आजची वेळ शेजारी शेजारी होती. पहिल्या लेनमध्ये दोघं सुधारले होते, चौघं मागे पडले होते. दुसरीत तिघं सुधारलेले. बाकीच्या लेनमध्येही असंच कमीजास्त.

“दादा, आपल्या लेनचं पाणी वेगळं होतं का रे?” मी गमतीत म्हटलं. “सातच्या सात सुधारले!”

अजून ताटावर असलेल्या दादाचा घास हातातच राहिला. त्याने कागद मागितला. मग फोन मागितला. मग मला म्हणाला, “तू स्वयंपाकघरातून चालत ये आणि दाराला हात लाव.”

“कशाला?”

“ये म्हणतो ना.”

वहिनीच्या हातात तिचा फोन, दादाच्या हातात त्याचा, दोघांवर घड्याळ लावलेलं. मी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालत गेले आणि दारावर थाप मारली. दादाची वेळ अर्ध्या सेकंदाने कमी. पुन्हा गेले. पुन्हा अर्ध्या सेकंदाने कमी. मी चाळिशी उलटलेली बाई, भरल्या पोटाने, अशी तेरा वेळा त्या दारावर आपटले. शेजारच्या काकूंनी दोनदा दार उघडून पाहिलं कोण आलंय म्हणून. तेराही वेळा तेच! माझा हात दाराला लागायच्या जरा आधी दादाचा अंगठा खाली गेलेला असायचा. मुद्दाम थांबायचं ठरवलं तरी जायचा. बत्तीस वर्षं पाव जरा आधी काढणारा अंगठा तो, त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

दादा खुर्चीवर बसला. हिशोब सरळ होता आणि तो करायला भूमितीची मास्तरीण लागत नव्हती. बनी एक वीसच्या आत आलेलीच नव्हती.

“अहो, अर्धा तर सेकंद,” वहिनी म्हणाली. “पोरगी तीच, पाणी तेच. कुणाला कळणार आहे?”

“बाकीची सहा पोरं?” दादा म्हणाला. “ती पण आत्ता घरी नाचत असतील.”

वर्गात कोन अर्ध्या अंशाने चुकला तर मी मार्क कापते, पण खरं सांगते, त्या दिवशी मी तो कागद गुपचूप फाडला असता. दादाने फोन उचलला आणि कोचबाईंना सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. मग त्या म्हणाल्या, की चार नंबरच्या लेनच्या सातही वेळा रद्द. पुढच्या रविवारी सातही जणांनी पुन्हा पोहायचं आणि त्या दिवशी बेकरीवाल्यांनी कशालाही हात लावायचा नाही.

बनी परत आली तेव्हा दादाने तिला उभ्या उभ्याच सांगितलं. ती आधी हसली, तिला वाटलं थट्टा चाललीय. मग तिचा चेहरा उतरला.

“तुम्हाला मी जायलाच नको होतं,” ती म्हणाली. “म्हणून केलंत.”

“बनी, अगं मीच तर नाचलो सगळ्यांत जास्त.”

“संपलं आता सगळं. मी नाही पुन्हा पोहणार. अर्धा सेकंद मी कुठून आणू?”

तिने खोलीचं दार लावून घेतलं. दादा दाराबाहेर नुसता उभा. त्या दिवशी साडेआठ वाजून गेले तरी तो झोपला नाही, आणि आमच्या घरात याला संकट म्हणतात.

सोमवारी सकाळी सात वाजता मी नेहमीप्रमाणे पाव घ्यायला बेकरीत गेले. दुकानात वीसेक माणसं उभी, सगळी कुजबुजत होती. मांडणीवर काळे कुळकुळीत पाव! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी गर्दीतून वाट काढत मागे गेले. दादा पिठाच्या पोत्यावर बसला होता.

“बरं नाही का?” मी विचारलं.

“स्कूटर गेली,” तो म्हणाला.

“चोरीला?”

“अगं, इथून गेली. पाचला दहा कमी असताना. मागे बनी होती. डोळे सुजलेले, पाठीवर पिशवी.” तो थांबला. “काल म्हणाली संपलं सगळं. आणि आज उठून गेली. कुणी उठवलं नाही, मी तुझ्या वहिनीला फोन करून विचारलं. हीच आईला उठवायला गेली. मी फळी हातात घेऊन बघतच राहिलो, तोवर वास आला.”

“मग?”

“मी बत्तीस वर्षं उठतोय. का? न उठून जातो कुठे? ही बाहेरची माणसं दार तोडतील. हिला कोण ओरडणार होतं? अट गेली, वेळ गेली, बापाशी बोलणं गेलं. तरी गेली.” त्याचे डोळे भरून आले होते आणि ते धुरामुळे नव्हते. “मी वेड्यासारखा सेकंद मोजत बसलो होतो.”

त्या दिवशी गल्लीने करपलेले पाव खाल्ले. मीही दोन खाल्ले, अगदी कडू होते.

बनीने आठवडाभर दादाशी अबोला धरला, पण एकही पहाट चुकवली नाही. रविवारी ती सातांत येऊन उभी राहिली. घड्याळ कोचबाईंच्या हातात होतं. दादाला वरच्या गॅलरीत बसवलं होतं, हात खिशात ठेवायचे अशा सक्त ताकिदीसह. वहिनी त्याच्या उजवीकडे, मी डावीकडे, दोन हवालदारांसारख्या. बनी पोहली. शेवटच्या फेरीत तिने पुन्हा मान खाली घातली आणि माझ्या शेजारी दादाच्या खिशातला अंगठा हलताना मला स्पष्ट दिसला.

“एक वीस दोन,” कोचबाई म्हणाल्या.

दोन दशांशाने गेलं. बनी पाण्यातून बाहेर आली, टॉवेलही न घेता सरळ गॅलरीखाली येऊन उभी राहिली आणि आठवड्यात पहिल्यांदा दादाकडे बघून बोलली.

“नाही झालं, बाबा. कबूल केलं होतं, कटकट करणार नाही.”

दादा जिना उतरून खाली गेला. त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला फॉर्म काढून तिच्या ओल्या हातात दिला. त्यावर सही होती, सहीशेजारी पिठाचा डाग होता आणि खाली तारीख होती. बनीने ती वाचली.

“ही तर सोमवारची आहे.”

“हो.”

“मग आठवडाभर सांगितलं का नाही मला?”

“तू बोलत होतीस का माझ्याशी?”

ती तशीच ओली त्याच्या गळ्यात पडली. दादाचा बरा शर्ट पार भिजला आणि वहिनी त्याला काही बोलली नाही. कोचबाईंनी फॉर्म घेतला, पालकांच्या मदतीच्या रकान्यात ‘वेळ घेणे’ यावर आडवी काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘फक्त बन आणणे.’

आता स्कूटर निघत नाही आणि वहिनी सहापर्यंत झोपते. तलाव बेकरीच्या पुढेच आहे, त्यामुळे बाप-लेक साडेचारला एकत्र निघतात. परवा मला कशाने तरी जाग आली म्हणून खिडकीशी गेले. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. बत्तीस वर्षं त्या रस्त्याने माझा भाऊ एकटा गेला, आणि आम्ही सगळे झोपेत असल्यामुळे ते कधी आमच्या ध्यानातही आलं नाही. बनीची पिशवी त्याच्या खांद्यावर होती. दिव्याखाली आल्यावर दादाने जांभई दिली, ती बघून बनीने दिली, मग पुन्हा त्याने दिली आणि दोघंही हसायला लागली. वहिनीच्या मावशीला बोलावून एकदा हे दाखवायला हवं.